सांडपाण्याची वाट

सोलापूरच्या पाण्याचा इतिहास सांगणारा वक्ता बहुधा सिद्धेश्वरांच्या तळ्यापासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हे तळे खोदविले अशी परंपरा आहे. ज्याचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, त्याला तेथील देवळाइतकाच त्या अनाम कुदळ-फावड्यांबद्दल आदर वाटला, तर श्रोत्यांनी क्षमा करावी. पुढे इंग्रजी अमलात हिप्परग्याजवळ आदिला नदी अडवून एकरुखचा तलाव झाला. 1871 मध्ये ते काम पुरे झाले. पुण्याचे लोक नानासाहेब पेशव्यांच्या वेळच्या कात्रजच्या नळाविषयी अभिमानाने बोलतात, औरंगाबादकर मलिक अंबरच्या नहरीविषयी. पाणी कोणी आणले हे आपल्या इतिहासाने नीट लिहून ठेवले आहे. वापरून झालेले पाणी घराबाहेर कोणी नेले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. आजचा माझा विषय त्या दुसऱ्या पाण्याचा आहे. विषय न्हाणीघराचा असल्यामुळे काहींना तो व्यासपीठाला अशोभनीय वाटेल. परंतु ज्या खोलीत प्रत्येक माणूस दिवसाचा पहिला प्रवेश करतो, तिला इतिहास नसावा हे मला पटत नाही.

1877 साली आपल्या गावात पहिली कापडाची गिरणी सुरू झाली. तिला आपण सारे 'जुनी मिल' म्हणून ओळखतो. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या तालुक्यांतून शेतमजूर आले. गिरणीत किती चात्या बसवायच्या याचा हिशेब आधी झाला होता. त्या चात्यांवर राबणारी माणसे आंघोळ कोठे करतील याचा हिशेब कोणीच केला नव्हता. दोन खणांच्या खोलीत एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा, त्याला चार बोटे उंच कठडा आणि भिंतीच्या बुडाशी एक भोक, ही मोरी. तेथेच भांडी, तेथेच धुणे, तेथेच न्हाणे. बाई न्हायची ती भोंगा होण्यापूर्वी, काळोखात, खाटेवर लुगडे आडवे टाकून. भोकातून बाहेर पडलेले पाणी बोळात जाई, आणि तेथून पुढे ते उताराच्या मर्जीवर असे.

संडासाची कथा याहून कठोर आहे. महाराष्ट्रातल्या गावोगावी टोपलीचे संडास होते. घरात माणूस बसे पुढच्या दाराने आणि मेहतर येई मागच्या बोळाने. घरांची रचनाच अशी होती की या दोघांची दृष्टादृष्ट होऊ नये. जातिव्यवस्था पोथीत असते असे आपण म्हणतो. मला ती घराच्या नकाशात अधिक स्पष्ट दिसते. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली म्हणून त्यांनी अन्न सोडले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभिला. एका ब्राह्मण सत्याग्रह्याला हे काम करू देणे सरकारला इतके अवघड वाटले! पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरीत, मैला हाताने उचलावा लागू नये अशा संडासाचे प्रयोग केले. 1949 साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मैल्याची टोपली डोक्यावरून वाहण्याऐवजी हातगाडी द्यावी, अशा तऱ्हेच्या तिच्या शिफारशी होत्या. स्वातंत्र्य मिळाल्यावरही हातगाडीची शिफारस करावी लागत होती, एवढ्यावरून काय ते समजावे.

या माणसाच्या डोक्यावरची टोपली कोणत्या यंत्राने खाली उतरविली? ते यंत्र पाहण्यासारखे आहे, कारण त्यात एकही हलता भाग नाही. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली संडासाचे पेटंट घेतले. त्याची खरी करामत म्हणजे खालचा वाकविलेला नळ. त्या वाकणात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि तेच गटाराच्या घाणेरड्या वायूला आडवे येते. आज आपला प्लंबर ज्याला 'ट्रॅप' म्हणतो तो हाच. दोन इंच पाणी घराचे रक्षण करते. ते वाळले, किंवा दुसरीकडून जोरात गेलेल्या पाण्याने ओढून नेले, तर पहारेकरी गेला. म्हणून उभ्या नळाचे तोंड गच्चीच्या वर उघडे ठेवतात, की नळात हवा शिरावी आणि ट्रॅपमधले पाणी ओढले जाऊ नये. पुष्कळ लोक पाऊस आत जाईल म्हणून या तोंडावर डबा घालतात, आणि मग न्हाणीत वास येतो म्हणून फिनेल विकत आणतात.

आता आपल्या घरांकडे येऊ. मुलगा नोकरीला लागला, सून यायची आहे, म्हाताऱ्याला उकिडवे बसवत नाही, अशा कारणांनी आज कामगारवस्तीतही मोरी फोडून बाथरूम करण्याची लाट आहे. मला तिचा आनंद वाटतो. बाईला दार लावून न्हाता येणे ही काही चैन नव्हे. परंतु काम सुरू होते ते फरशीच्या दुकानातून. हे उलटे आहे. आधी घरातून पाणी कोठून जाणार ते ठरवावे, मग ते कोठून येणार ते, आणि भिंतीला निळी फरशी की पांढरी हा वाद सर्वांत शेवटी घालावा.

आमच्या एका सभासदाने कमोड जुन्या जागेवरून समोरच्या भिंतीला नेला. अंतर तीन मीटर. चार इंची नळाला दर मीटरला सुमारे दीड ते अडीच सेंटिमीटर उतार लागतो. अडीच धरला तर तीन मीटरला साडेसात सेंटिमीटर, त्यात नळाची स्वतःची जाडी. बाहेरचे चेंबर काही खाली जाणार नव्हते, तेव्हा वर आली ती बाथरूमची जमीन. ती उंबऱ्याच्या वर गेली आणि न्हाणीचे पाणी स्वयंपाकघरात येऊ लागले. गवंडी कसबी होता, प्लंबरही वाईट नव्हता. पण दोघांनी मिळून एकदाही पट्टी घेऊन माप घेतले नव्हते. जुन्या नळाजवळच कमोड ठेवला असता तर पैसेही वाचले असते आणि संसारातली शांतताही. दुसरी गोष्ट, न्हाणीचे पाणी आणि संडासाचे पाणी घरातच एका नळात मिसळू नये. न्हाणीचे पाणी जाळीच्या ट्रॅपमधून बाहेरच्या गली ट्रॅपला द्यावे, संडासाचा नळ सरळ चेंबरला न्यावा. हे नियम इंजिनियरांनी उगाच केलेले नाहीत. त्यांच्यामागे पटकी आणि विषमज्वराने गेलेल्या माणसांच्या पिढ्या आहेत.

येणाऱ्या पाण्याच्या बाबतीत सोलापूरकराला पुण्या-मुंबईचे गणित चालत नाही. 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने आपल्याला पाणी येते. तरी कित्येक वर्षे ते तीन, चार, कधी पाच दिवसांआड आलेले आपण पाहिले आहे. सरकारी मानकाप्रमाणे भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दररोज 135 लिटर पाणी धरतात. पाच माणसांचे 675 झाले, चार दिवसांचे 2700. याचे वजन दोन टन सातशे किलो! धाब्याच्या किंवा पत्र्याच्या घरावर ते चढविणे म्हणजे भिंतींवर अन्याय. म्हणून मोठा हौद जमिनीत आणि वर पाचशे लिटरची लहान टाकी, हा आपल्या गावचा खरा नकाशा. वरची टाकी तोटीपेक्षा दोन-अडीच मीटरच उंच असेल, तर नळाला जोर बेताचाच राहणार; दहा मीटर उंचीला कोठे चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब मिळतो. मग चित्रातला मोठ्या चाळणीचा फवारा आणून काय उपयोग? तो थेंबथेंब गळतो आणि घरची मंडळी पुन्हा बादली-तांब्याकडे वळतात. जुने कमोड एका वेळी दहा-बारा लिटर पाणी ओतीत. आताचे दोन बटणांचे तीन आणि सहा लिटरांत काम करतात. चार दिवसांच्या हौदावर जगणाऱ्या गावाने या बाबतीत तरी नव्याचा आग्रह धरावा.

आपल्या कामगारांनी हे करून दाखविलेले आहे. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि 2006 मध्ये घरे त्यांच्या हाती आली. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली, त्यांतली पंधरा हजार जानेवारी 2024 मध्ये देण्यात आली. मोर्चांतल्या घोषणा छपराच्या होत्या. पण बायकांना विचारा, त्या पहिल्यांदा दाराच्या कडीविषयी आणि तोटीविषयी बोलतात.

एक गोष्ट राहिली. जेथे भुयारी गटार नाही तेथे सेप्टिक टँक असतो, आणि तो केव्हातरी भरतो. हाताने मैला साफ करविण्यास 1993 च्या आणि पुन्हा 2013 च्या कायद्याने बंदी आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या माणसाच्या वारसांस दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला, 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ माणसे मरतच होती. आपण बाथरूम नवी करतो तेव्हा अंगण सुंदर दिसावे म्हणून टाकीच्या आणि चेंबरच्या झाकणांवर फरशी बसवून टाकतो. मग पंपाची गाडी आली तरी तिची नळी आत जाईल कोठून? फरशी फोडली जाते, एक माणूस दोर बांधून आत उतरतो, आणि आत प्राणवायू नसतो. तेव्हा झाकण उघडे, उचलता येईल असे ठेवावे. गाडीची नळी तेथवर पोचेल एवढी वाट सोडावी. आणि फरशी बसण्यापूर्वी सर्व नळांत पाणी भरून एक रात्र ठेवावे, सकाळी सांधे तपासावेत, मग प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घेऊन वहीत एक साधा नकाशा काढावा: कोणता नळ कोठून, किती खोल, चेंबर कोठे. ती वही घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. पुढे भिंतीला खिळा ठोकताना मुलांना तीच लागेल.