साखळी, चाक आणि मंगळावरची वाट

माझे अब्बा मोजणी खात्यात साखळी ओढायचे. शंकूसाखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. हा हिशेब मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. अब्बा म्हणत, "साखळीला झोल पडला की रान वाढतं." रान तेवढंच असायचं, वाढायचं ते कागदावर. मग बांधावर भाऊबंदकी सुरू.

जानेवारी २००४ मध्ये 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या दोन गाड्या मंगळावर उतरल्या. त्यांच्या वाटेचा नकाशा कसा काढतात, हे वाचलं तेव्हा मला हा झोलच आठवला. मंगळावर दिशा सांगणारी उपग्रहांची माळ नाही. गाडी आपल्या चाकांचे फेरे मोजते. तीच तिची साखळी. पण वाळूत चाक जागच्या जागी फिरतं. एप्रिल २००५ मध्ये 'ऑपॉर्च्युनिटी' एका वाळूच्या लाटेत रुतली आणि सुटायला जूनची ४ तारीख उजाडली. नुसते फेरे मोजले असते, तर न चाललेली वाट नकाशावर उमटली असती. अब्बांना हे सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मग झोल काढतो कोण?"

झोल काढतात दगड. गाडी थोडं चालण्याआधी आणि चालल्यावर त्याच दगडांची छायाचित्रं घेते. दगड किती सरकलेले दिसतात त्यावरून आपण खरोखर किती सरकलो ते काढते. मग तिची वाट वरून फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रावर बसवतात. ऑक्टोबर २००६ मध्ये 'मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर'ने 'व्हिक्टोरिया' विवराच्या काठावर उभी असलेली ही गाडी टिपली, मागे तिच्या चाकोरीसकट. त्या चाकोऱ्या वारा बुजवतो.

ओळखीच्या खुणांवरून जागा ठरवायची ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासेहून त्रिकोणांची मोजणी सुरू केली. १८२३ साली तो हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने उचललं. बिदरजवळच्या दामरगिड्याहून वऱ्हाडातल्या टाकळखेड्याकडे जाणारी त्याची त्रिकोणांची माळ आजच्या नांदेड जिल्ह्यातून, बिलोली-भोकरच्या पट्ट्यातून गेली. शाळेत आम्हाला एव्हरेस्ट म्हणजे शिखर एवढंच शिकवलं! त्याची यंत्रं दुरुस्त करणारे अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन तर कुठल्याच धड्यात आले नाहीत.

हीच रेषा उत्तरेत हिमालयाकडे सरकली तेव्हा त्रिकोणांचा हिशेब आणि ताऱ्यांचा हिशेब जुळेना. पर्वतांच्या ओढीने ओळंबा कलतो हे खरं, पण हिशेबाने कलायला हवा तेवढाही कलत नव्हता. पर्वतांनाही खाली मुळं असतात, असा उलगडा १८५५ साली जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने मांडला. ग्रीनिचची शून्य रेषा याच एअरीच्या दुर्बिणीवरून ठरली. आणि 'मरिनर ९'च्या छायाचित्रांवरून मंगळाची शून्य रेषा ठरवताना जे इवलंसं विवर निवडलं, ते 'एअरी' नावाच्या विवराच्या पोटात आहे. भोकरच्या शिवारातून निघालेली रेषा अशी कुठल्या कुठे पोचली.

पण नकाशा म्हणजे काय, हे मला त्याआधीच कळलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. काही दिवसांनी अब्बांची तिकडे मोजणीवर नेमणूक झाली. मी सोबत गेलो. गल्ल्या राहिल्या नव्हत्या. नुसते दगडमातीचे ढीग. एक म्हातारा आपलं घर शोधत होता आणि भलत्याच ढिगावर जाऊन थांबत होता. अब्बांनी त्याला हाताला धरून विहिरीपाशी नेलं. विहीर जागेवर होती, चिंच जागेवर होती. "चाचा, विहिरीकडून घरी कसे जायचात, तसे चला." तो पावलं मोजत निघाला. एका ठिकाणी थांबला, चिंचेकडे पाहिलं, दोन पावलं मागे आला.

"इथं चूल," तो म्हणाला.

अब्बांनी तिथे खुंटी ठोकली आणि साखळीचं टोक माझ्या हातात दिलं. "ताणून धर," म्हणाले.