लिंकमधल्या ‘+’ची कुळकथा

समजा, सोनपेठ तालुक्यातल्या रक्तदात्यांची यादी एका सर्व्हरवर आहे. ओ+ गटाचे दाते हवेत, म्हणून कोडमध्ये लिंक जोडली: दाते?गाव=सोनपेठ&गट=ओ+. यादी रिकामी येते. एरर नाही, डेटाबेसात दातेही आहेत. पण सर्व्हरच्या हाती पडला तो नुसता ‘ओ’ आणि त्यामागे एक मोकळी जागा. ‘+’ वाटेत नाहीसा झाला.

हा ‘+’ कुठे जातो, याचा माग काढत गेलं की माणूस जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पोचतो, आणि तेही टेलिफोन डिरेक्टरीपाशी! 1991च्या सुमारास वेबचा पहिला खराखुरा उपयोग झाला तो सर्नमधल्या माणसांचे फोन नंबर शोधायला. फॉर्म, रकाने असलं काही तेव्हा नव्हतं. शोधायचे शब्द पत्त्याच्या शेवटी ‘?’ देऊन लिहायचे आणि दोन शब्दांच्या मध्ये ‘+’ घालायचा.

पण ‘+’च का? एक मत असं, की हा बेरजेचा ‘+’: हाही शब्द हवा, तोही हवा. दुसऱ्या मताला कागदाचा आधार आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जून 1994च्या आरएफसी 1630 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय, की ‘+’ ही मोकळ्या जागेची लघुखूण आहे आणि मोकळी जागा न चालणाऱ्या यंत्रणांतून शोध सहज पुढे जावा म्हणून ती ठेवली. कागदावर हे दुसरं मत जिंकतं. तरी मी पहिलं सोडायला तयार नाही. अडचण मोकळ्या जागेची होती हे मान्य, पण ती अधोरेषेनेही भागली असती. त्याच कागदात ‘?’नंतरच्या मजकुराला शब्दांचा संच म्हटलंय. संचात शब्द घालत जायचे तर हाताशी येणारं चिन्ह ‘+’च, असा माझा ठाम अंदाज आहे.

पुढे मोझेइक ब्राउझरमध्ये फॉर्म आले, त्यांच्यासोबत ‘=’ आणि ‘&’ आले. डिरेक्टरीचं काम मागे पडलं, ‘+’चा नियम मात्र फॉर्मनी तसाच उचलला. नोव्हेंबर 1995च्या एचटीएमएल 2.0ने त्यावर शिक्काही मारला. गंमत म्हणजे पत्त्यांचं आजचं मुख्य मानक, जानेवारी 2005चं आरएफसी 3986, ‘+’ला मोकळी जागा मानतच नाही. म्हणून ‘?’च्या डावीकडे ‘+’ म्हणजे ‘+’, उजवीकडे बहुतेक सर्व्हरांच्या लेखी मोकळी जागा. पीएचपी या भाषेत तर यूआरएलएन्कोड हे फंक्शन मोकळ्या जागेचा ‘+’ करतं आणि रॉयूआरएलएन्कोड ‘%20’ करतं.

मराठीला आणखी एक वळसा पडला. 1994च्या नियमांनी बाइट कसे लिहायचे ते सांगितलं: ‘%’ आणि दोन सोळामानी अंक. पण ‘स’चे बाइट कोणते, हे सांगितलं नाही. अक्षरांचे बाइट ठरवणारी यूटीएफ-8 पद्धत रुळल्यावर ते ठरलं: ‘स’ म्हणजे %ई0%ए4%बी8. मात्रा वेगळी मोजतात, म्हणून ‘सोनपेठ’मध्ये सहा चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, एकूण 18. लिंकमध्ये त्याची 54 अक्षरं होतात.

म्हणून लिंकची स्ट्रिंग हाताने जोडू नये. किमती सुट्या द्याव्यात आणि जोडणी लायब्ररीवर सोपवावी: पीएचपीत एचटीटीपी_बिल्ड_क्वेरी, पायथॉनात यूआरएलएन्कोड. मग ‘ओ+’चं ‘ओ’ लॅटिन असेल तर नुसता ‘+’ बदलून %2बी होतो, देवनागरी असेल तर ‘ओ’चेही तीन बाइट सांकेतिक होतात. कुणी गावाच्या रकान्यात ‘सोनपेठ&गट=ए’ असं भरलं, तरी तो ‘&’ किमतीच्या आतच राहतो, नवा पॅरामीटर बनत नाही. हे एन्कोडिंग एकदाच करावं. तयार लिंक पुन्हा त्यातून काढली तर %2बीचं %252बी होतं आणि दात्यांची यादी पुन्हा रिकामी येते.