आधी पाणी, मग पाळणा

परवा गावी गेलो तेव्हा एका जुन्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा फिकट लाल त्रिकोण दिसला आणि डोक्यात जामखेड सुरू झालं.

डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे जोडपं 1970 मध्ये नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आलं. लोकांना डॉक्टरांकडून हवं काय होतं? आधी पाणी आणि अन्न! मग 1972च्या दुष्काळात हातपंप बसले, आणि तेही दलित वस्तीत. म्हणजे पाणी हवं तर सगळ्यांनी तिथेच यायचं. (ही आयडिया मला जाम आवडते.) पुढे शेतकरी मंडळांनी बांधबंदिस्ती केली, झाडं लावली. गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. 1971 मध्ये त्या भागात हजारातली 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. अशा आईला ऑपरेशन कर म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्या आजीची सहातली दोन गेली, तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलं जगू लागली, तेव्हा कुठे बायका पाळणा लांबवायचं ऐकू लागल्या.

आणि सरकार? 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंद्या. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, हे नशीब. आमच्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सी न बघता थेट शेवटचं मॉड्यूल इन्स्टॉल करायला गेले. 1977 मध्ये सत्ता गेली, आणि 'नियोजन' या शब्दाची लोकांनी एवढी धास्ती घेतली होती की कार्यक्रमाचं नावच 'कुटुंब कल्याण' करावं लागलं.