नादारी आणि दिवाळे

कर्ज फेडता न येण्याच्या अवस्थेला मराठीत दोन शब्द आहेत. पेढी बुडाली की व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावीत असे, त्यावरून ‘दिवाळे’ आले अशी व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, शब्दातली चारचौघांसमोरची नाचक्की खरी आहे. दुसरा शब्द ‘नादारी’. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ एवढाच, की जवळ काही नाही. जुन्या पिढीतील प्राध्यापकांना तो फी-माफीच्या अर्जामुळे आठवेल. कायद्याने हाच दुसरा शब्द उचलला. प्रश्न असा, की त्याने पहिल्या शब्दातला कलंक खरोखर बाहेर ठेवला का?

आपल्याकडे कर्जाचा इतिहास पुण्याहून लिहिला जातो. १८७५ चे सुप्याचे दंगे, १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १८८३ चा ‘शेतकऱ्याचा आसूड’ हा क्रम अभ्यासक्रमामुळे आपल्याला पाठ झाला आहे. त्या कायद्याने शेतकऱ्याची पैशाच्या हुकूमनाम्यापायी होणारी अटक थांबवली आणि त्याच्यासाठी नादारीची सोपी वाटही ठेवली. पण तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळे झालेले गडचिरोली, मध्यप्रांतात होता. तेथे आदिवासींची जमीन सावकाराकडे जाऊ नये म्हणून १९१६ चा जमीन हस्तांतर कायदा आला. त्याने जमिनीला कुंपण घातले. जमिनीपलीकडच्या कर्जाच्या ओझ्याचे उत्तर मात्र त्यात नव्हते.

ते उत्तर १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात होते. पाचशे रुपये कर्ज असलेल्याने न्यायालयात अर्ज करावा, मालमत्ता सोपवावी आणि शेवटी मुक्त व्हावे. नांगर, बैल, बियाणे, स्वयंपाकाची भांडी यांना दिवाणी कायद्याचे संरक्षण होतेच. पण मुक्तीच्या उंबरठ्यावर न्यायाधीश विचारी, मालमत्तेतून कर्जाच्या रुपयामागे आठ आणे तरी निघतात का? निघत नसतील, तर त्यात आपला दोष नाही हे ऋणकोनेच सिद्ध करायचे. ते न जमल्यास पूर्ण मुक्ती नाही. दिवाळे नादारीत शिरले ते येथून, असे मला वाटते.

शिवाय हा सारा कागदाचा खेळ. सवाई-दिढीने घेतलेल्या धान्याचा हिशेब सावकाराच्या वहीत, आणि ती वही ऋणकोला वाचता येत नसे. सिरोंचा-भामरागडकडच्या माणसाने धनकोंची लेखी यादी घेऊन न्यायालयात यायचे, ही अपेक्षाच मुळात शहरी होती. त्या मानाने मध्यप्रांताचा १९३३ चा कर्ज तडजोड कायदा शहाणा म्हणावा लागेल. त्यात मंडळासमोर धनको-ऋणको बसत आणि रक्कम आपसात ठरे. अशा स्वरूपाचा कायदा करण्यात हा प्रांत देशात पुढे होता. आपल्या वाङ्मयेतिहासांत त्याचा उल्लेख माझ्या वाचनात आलेला नाही.

पुढे आणीबाणीत, २२ ऑगस्ट १९७५ ही तारीख धरून, महाराष्ट्राने अल्पभूधारक, शेतमजूर आणि कारागीर यांची सावकारी कर्जे रद्दच केली आणि गहाण वस्तू परत करायला लावल्या. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने बेकायदा सावकारीत गेलेली जमीन पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन परत मिळवण्याची सोय केली.

आता धनको बदलला आहे. गावोगावी बायकांच्या गटांना सूक्ष्म वित्त संस्था कर्ज देतात. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तरीही एकीचा हप्ता चुकला, की गटातल्या बाकीच्या तिच्या दाराशी उभ्या राहतात. भर दिवसाचा दिवा तो हाच.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अशा बाईसाठी ‘नवी सुरुवात’ नावाचे प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नसलेले, अशांसाठी. हे प्रकरण अद्याप लागू झालेले नाही. तोवर तिच्यासाठी १९२० चाच कायदा आहे, पाचशे रुपयांच्या आणि आठ आण्यांच्या अटीसह.