चिकाची मुदत: चोवीस तास

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली कुठलीही घोडी डोळ्यांपुढे आणा. प्रसंग रचलेला आहे, तास खरे आहेत.

आदल्या दिवशी सकाळी
सडांवरचे मेणासारखे थेंब परवाच गळून पडले. आता धार लागलीय, मागच्या पायांवर पांढरे ओघळ वाळलेत. मालक खूश: "पान्हा बघा कसा फुटलाय!" पण गळतोय तो चीक. घोडी तो एकदाच तयार करते, गाभणपणाच्या शेवटच्या काही आठवड्यांत. बाटलीत धरून फ्रीझरमध्ये ठेवला असता तर उद्या कामी आला असता.

रात्री 2. शिल्लक 24 तास
घोडी व्याली. शिंगरू पन्नासेक किलोचं, धडधाकट. रक्तात प्रतिपिंडं मात्र जवळजवळ नाहीतच. माणसाच्या बाळाला ती वारेतून मिळतात. घोडीची वार त्यांना जाऊ देत नाही; शिंगराला ती चिकातूनच मिळायची असतात. तासाभरात शिंगरू उभं राहिलं.

पहाटे 4. शिल्लक 22
एव्हाना तोंड सडाला लागायला हवं होतं. ते भिंत चाटतंय, आईच्या पुढच्या पायांत नाक खुपसतंय. मोतद्दार त्याला कासेकडे वळवू लागला तर आजोबा म्हणाले, "वार पडू दे आधी." गोठ्यातली ही समजूत तबेल्यातही शिरली आहे. वार तीन तासांत पडावी हे खरं, पण चीक तिच्यासाठी थांबवायचं कारण नाही. उलट पिल्लू चोखू लागलं की वार सुटायला मदतच होते.

सकाळी 8. शिल्लक 18
शिंगरू नुकतंच प्यायलं. सगळे निर्धास्त. आतड्याच्या अस्तरातल्या खास पेशी प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात सोडतात. पहिल्या सहा-आठ तासांत त्यांचा जोर सर्वाधिक. मग त्या झडतात, साध्या पेशी येतात. त्या सहा-आठ तासांतच लिटर-दीड लिटर दाट चीक पोटात जायला हवा. इथे पोटात गेलं ते पातळ दूध. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला असता तर वीसच्या वर ब्रिक्स नाही हे लगेच दिसलं असतं. अजूनही दुसऱ्या घोडीचा साठवलेला चीक डॉक्टरांकरवी नळीने देता आला असता. डॉक्टरांना कळवलंच नाही.

रात्री 2. शिल्लक 0
वाट बंद. आता रक्त तपासायचं: आयजीजी, म्हणजे प्रतिपिंडं, डेसिलिटरला 800 मिलिग्रॅमच्या वर असेल तर निभावलं, 400 च्या खाली असेल तर चीक पोचलाच नाही. रक्त कुणी घेतलं नाही. शिंगरू तर बागडतंय!

दुपारी 2. मुदत संपून 12 तास
शिंगरू आडवं. तोंडावर दुधाचे ओघळ. "पोट भरलंय, झोपलंय." मी असतो तर आधी कास पाहिली असती. ती टच्च भरलेली आहे. शिंगरू कासेखाली उभं राहतं, पण चोखत नाही; दूध तोंडावरच गळतं.

रात्री 8
मागचा सांधा सुजलाय, हाताला गरम लागतोय. जंतू रक्तातून तिथे पोचलेत. डॉक्टर नाळ बघतात.
"काय लावलं होतं?"
"हळद, साहेब."
आता चीक पाजून उपयोग नाही. प्रतिजैविकं आणि शिरेतून प्लाझ्मा. तयार प्लाझ्मा जवळपास कुठे नाही, म्हणून तबेल्यातल्याच एका थोराड घोड्याचं रक्त पिशवीत घेतात. लाल पेशी खाली बसायला तास-दोन तास लागतात. पिवळा थर वर येण्याआधीच शिंगरू गेलं.