पुढल्या वर्षी नक्की!

बँकेत निम्मे आयुष्य काढलेल्या माणसाला अफवेचे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. वेतनकराराची बातमी आमच्याकडे आधी शिपायाला कळते, मग कॅशियरला, आणि सर्वांत शेवटी मॅनेजरला. तरीसुद्धा एकच अफवा वीसेक वर्षे न विटता चघळायचा मान आमच्या शाखेला देता येत नाही. तो टेबलावर लढाया खेळणाऱ्या साहेबाच्या देशातल्या प्रौढ मंडळींचा.

प्रौढ म्हटले म्हणून हसू नका. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना पोरांना बाजूला सारणारे बाप आपल्याकडेही काही कमी नाहीत. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने तर १९१३ साली अशा लुटुपुटीच्या लढायांच्या नियमांचे पुस्तकच काढले होते.

तर नॉटिंगहॅमच्या 'गेम्स वर्कशॉप' कंपनीने १९८७ साली 'वॉरहॅमर ४०,०००' नावाचा खेळ काढला. अंगठ्याएवढे सैनिक विकत आणायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि फासे टाकून लढवायचे. त्यात १९९७ साली 'सिस्टर्स ऑफ बॅटल' हे चिलखतधारी जोगिणींचे सैन्य नीट उभे राहिले. बायका धातूच्या, वजनाला भारी आणि खिशाला त्याहून भारी. पुढे बाकीची सैन्ये एकेक करून प्लॅस्टिकची झाली. या मात्र धातूच्याच राहिल्या.

का? इथे माझी बी.कॉम.ची पदवी प्रथमच उपयोगी पडते आहे, तेव्हा दोन मिनिटे ऐकून घ्या. धातूची मूर्ती रबरी साच्यात ओततात. साचा स्वस्त, शिवाय लवचिक. प्लॅस्टिकला पोलादी साचा लागतो आणि तो कोरायचा खर्च भयंकर. हजारोंनी माल खपला तरच तो भरून निघतो. आता जोगिणी महाग म्हणून खपत नाहीत आणि खपत नाहीत म्हणून साचा निघत नाही! अशी खाती आमच्याकडेही आहेत.

मग काय, दरवर्षी कुजबुज : "पुढल्या वर्षी नक्की. प्लॅस्टिकच्या." सांगणाऱ्याचा मित्र हमखास कंपनीतल्या कुणाच्या तरी ओळखीचा. २०११ साली या सैन्याचे नवे नियम आले, तेही पुस्तकातून नव्हे, तर कंपनीच्या मासिकाच्या दोन अंकांतून, हप्त्याहप्त्याने. तेव्हा उलटी अफवा उठली, की सैन्यच बंद होणार. आणि ही भीती काही अगदीच उगाच नव्हती. 'स्क्वॅट्स' नावाचे बुटक्यांचे सैन्य कंपनीने नव्वदच्या दशकात खरोखरच गुंडाळले होते.

यात हाल झाले ते साध्या गिऱ्हाइकाचे. आज धातूच्या घ्याव्यात, तर उद्या नव्या येतील. थांबावे, तर लढायचे कशाने? "एफडी आत्ता करू, की व्याज वाढेपर्यंत थांबू?" असे विचारणारे पेन्शनर माझ्या काउंटरवर रोज येतात. त्या चेहऱ्याची मला चेष्टा करवत नाही. काहीजण थांबले ते चाळिशी लागेपर्यंत थांबले. बारीक रंगकाम करायचे तर डोळे तरी धड हवेत ना?

अखेर २०१८ साली कंपनीने स्वतःच्या तोंडाने कबूल केले. मग आज एक शिरस्त्राण, उद्या एक तलवार, असे दाखवत नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठा खोका आला आणि बघता बघता संपला! इतकी वर्षे थांबलेले पुन्हा थांबले. सुटे खोके जानेवारी २०२० पासून मिळू लागले.

आणि ते गुंडाळलेले बुटके? तेही नव्या नावाने, नव्या रूपात परत आले. फक्त कंपनीने ती बातमी जाहीर केली १ एप्रिल २०२२ रोजी. वर्षानुवर्षे वाटेल त्या अफवेवर माना डोलावणाऱ्यांनी ही खरी बातमी एप्रिल फूल म्हणून हसण्यावारी नेली. आमची बँक त्या दिवशी वार्षिक हिशेबासाठी गिऱ्हाइकांना बंद असते, तेव्हा आमच्या काउंटरवर तरी तेवढा गोंधळ होत नाही.