कुमारांची जागतिक शर्यत

ज्या वयांत मुलाचें हाड अद्याप पक्कें झालेलें नसतें आणि आवाज नुकताच फुटलेला असतो, त्या वयांत त्याला साऱ्या जगासमोर धांवावयास उभें करावें कीं नाहीं? प्रश्न जुनाच आहे. परंतु मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें वीस वर्षांच्या आंतच त्याचीं दोन परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं, आणि तो इतिहास मनन करण्यासारखा आहे.

वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक स्पर्धा १९८६ सालीं अथेन्स येथें सुरू झाली होती. तथापि एकोणीस वर्षांच्या तरुणापुढें सोळा वर्षांच्या मुलाचा निभाव लागणें कठीणच. म्हणून स्पर्धेच्या वर्षांत ज्यांचें वय १७ च्या पुढें जात नाहीं, अशा मुलामुलींकरितां एक स्वतंत्र स्पर्धा निघाली. तिचा पहिला मेळावा जुलै १९९९ मध्यें पोलंडमधील बिडगोश्च या शहरीं भरला. पुढें दर दोन वर्षांनीं हंगेरी, कॅनडा, मोरोक्को, इटली, फ्रान्स असे देश फिरत तिचे एकंदर दहा मेळावे झाले.

कोंवळ्या वयाचा विचार नियमांत केलेला होता. प्रौढ पुरुषांचा गोळा ७.२६ किलोग्रॅम वजनाचा, तर कुमारांचा ५ किलोग्रॅमचा. प्रौढांचा भाला ८०० ग्रॅमचा, तर कुमारांचा ७०० ग्रॅमचा. धांवण्याची सर्वांत लांब शर्यत ३००० मीटरची; मॅरेथॉनचें तर नांवच नव्हतें. सारांश, मुलांचा कस लागावा पण त्यांचें शरीर मोडूं नये, अशी ही योजना होती.

या स्पर्धेनें दिलेला सर्वांत मोलाचा धडा विजयाचा नसून पराजयाचा आहे. २००१ सालीं डेब्रेत्सेन येथें जमेका बेटांतील एक चौदा वर्षांचा उंच मुलगा २०० मीटरच्या शर्यतींत उतरला, आणि अंतिम फेरीपर्यंतही पोंचला नाहीं. त्याचें नांव यूसेन बोल्ट. पुढच्याच वर्षीं किंग्स्टन येथें, आपल्या देशबांधवांसमोर, तो वीस वर्षांखालील गटांत जगज्जेता ठरला. आणि २००३ सालीं शेरब्रुक येथें २०.४० सेकंदांत धांवून त्यानें कुमारांचेंही सुवर्णपदक मिळविलें. डेब्रेत्सेनच्या अपयशानें तो खचला असता तर जग एका अलौकिक धांवपटूला मुकलें असतें. बिडगोश्चला बांबूच्या उडींत पहिली आलेली रशियाची येलेना इसिनबायेवा पुढें दोनदां ऑलिंपिक विजेती झाली, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

परंतु नाण्याची दुसरी बाजू विसरतां येत नाहीं. सोळाव्या वर्षीं पदक मिळविणाऱ्या कित्येकांचीं नांवें पुढें प्रौढांच्या स्पर्धांत ऐकूंही आलीं नाहींत. अकालीं पिकविलेल्या फळास गोडी नसते, हें बागवानास ठाऊक असतें. पदकाच्या मोहांत तें पालकांस व शिक्षकांस आठवत नाहीं. शिवाय २०१० पासून युवकांचें ऑलिंपिकही सुरू झालें होतें, आणि खंडोखंडींच्या कुमारस्पर्धा भरूं लागल्या होत्या. अखेर २०१६ सालीं संघटनेनें ठरविलें कीं, पुढील वर्षींचा नैरोबीचा मेळावा हाच शेवटचा.

तो शेवटचा मेळावाही सुखासुखीं पार पडला नाहीं. सुरक्षिततेचें कारण दाखवून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांनीं आपलीं मुलें धाडलीं नाहींत. वडीलधाऱ्यांच्या भयाची किंमत त्या मुलांनीं दिली. कारण सतरावें वर्ष आयुष्यांत पुन्हां येत नाहीं. केनियाच्या जनतेनें मात्र याचें उत्तर शब्दांनीं दिलें नाहीं. कासारानीचें विशाल क्रीडांगण तिनें भरून टाकलें, आणि परक्या देशांच्या मुलांनाही तिनें टाळ्यांनीं गौरविलें.

चार वर्षांनीं, ऑगस्ट २०२१ मध्यें, त्याच क्रीडांगणावर वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा झाली. पण महामारीमुळें प्रेक्षकांवांचून. तेथें लांब उडींत भारताची सतरा वर्षांची शैली सिंग ६.५९ मीटर गेली. स्वीडनची विजेती ६.६० मीटर गेली होती. अंतर एका सेंटिमीटरचें, म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढेंही नव्हे!

त्या एका सेंटिमीटरपायीं मुलीस दोष द्यावयाचा, कीं ती जगांत दुसरी आली म्हणून तिची पाठ थोपटावयाची, हें ठरविणें मोठ्यांच्या हातीं असतें. स्पर्धा भरवावी कीं बंद करावी, हा वाद संघटनांनीं खुशाल करावा. डेब्रेत्सेनहून रिकाम्या हातांनीं परतलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशीं पुन्हां मैदानावर जावेंसें वाटलें, यांतच त्या वादाचें खरें उत्तर सांपडतें.